शेवयांचं छत: कॉमन डायनिंगमधला कलकलाट कमी करायला काय काय घेतलं त्याचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू लांबणार आहे, आधीच सांगते. एका वस्तूचा नाहीये, पाच-सहा वस्तूंचा आणि दोन कॉन्ट्रॅक्टरांच्या कामाचा आहे. दोघांचीही नावं टाकणार नाही, पहिल्याशी आमचं पैशांवरून अजून चालू आहे आणि दुसऱ्याचं टाकलं की मग पहिला कोण ते तुम्ही विचारणारच. वस्तू कुठल्या घ्याव्या, कशा लावाव्या आणि कशात पैसे घालू नयेत एवढं मात्र नीट सांगते.

आमची वसाहत मुळशीच्या बाजूला आहे, २६ घरं, माणसं ४५च्या आसपास, आमच्यासारखे रिटायर्ड बरेच पण पोरंबाळंवाली घरंही सात-आठ आहेत. प्रत्येकाचं घर वेगळं, घरात छोटा ओटा आहेच, पण दुपारचं आणि रात्रीचं जेवण एकत्र, दोन मावशी आहेत आणि मदतीला आमच्या पाळ्या. को-हाउसिंग म्हणतात याला. आमची मुलगी कोपनहेगनला असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिने असल्याच एका वसाहतीत जेवायला नेलं होतं, तिकडे हे प्रकरण जुनं आहे, सेत्तेदामेन नावाची वसाहत १९७२ सालची. तर आम्ही तिथलं जेवणघर बघून भारावून आलो. टेबलं बघितली, पाळ्यांचा तक्ता बघितला, फोटो काढले, मोठं पातेलं किती लिटरचं तेसुद्धा विचारलं. छत बघितलंच नाही. त्याचं पुढे सांगते.

आमचा हॉल ४० बाय ३०, उंची १२ फूट. वर नुसता स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंतींना पुट्टी आणि रंग, आणि डोंगराच्या बाजूची अख्खी लांब भिंत काचेची. दिसायला इतका सुंदर की पहिल्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवून झाल्यावर त्या थोडा वेळ तशाच वाजत राहिल्या. तेव्हा हसलो आम्ही.

महिन्याभरात हसू गेलं. २०-२५ माणसं जेवायला बसली की आत पाण्याच्या टाकीत बसून बोलल्यासारखं व्हायचं. स्टीलची ताटं, वाट्या, खुर्ची ओढल्याचा करकराट, पोरांचा दंगा, सर्व्हिंगच्या खिडकीतून मिक्सर, आणि या सगळ्याच्या वर आमचे नाना, आर्मीतून रिटायर झालेले, त्यांचा आवाज परेडचा. शेजारच्याशी बोलायला आपण आवाज चढवायचा, मग पलीकडचा चढवणार, मग आपण आणखी. याला म्हणे लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात, एत्येन लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच कान-घशाच्या डॉक्टरने १९११ मध्ये हे नोंदवून ठेवलंय की गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो, ठरवून नाही. हे आम्हाला दीड वर्षाने कळलं. तोपर्यंत आम्ही एकमेकांनाच धरलं होतं.

आमच्या ह्यांना दोन्ही कानांना मशीन आहे. मशीन लावलं की गोंगाट पण मोठा होतो, त्यामुळे जेवायला आले की दोन्ही मशीनं काढून डबीत आणि डबी शर्टाच्या खिशात. मग अंदाजाने उत्तरं. या वयात कान जातात ते आधी स, त, क, फ असली बारीक अक्षरं ऐकायचे जातात, आ-ए-ओ तेवढे पोचतात. एकदा मावशी चंबू घेऊन आल्या, म्हणाल्या, काका ताक घेताय का? ह्यांना ऐकू आलं जाग येते का. झालं, रात्री किती वाजता येते, मग पाणी प्यायला उठतो, मग परत झोप लागत नाही, सगळं सविस्तर सांगितलं. मावशी बिचाऱ्या चंबू धरून उभ्या. टेबल हसलं, हे पण हसले, पण दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागले की माझं ताट घरीच आण. अशी तीन-चार ताटं घरी जायला लागली आणि पोरांच्या आया पण म्हणायला लागल्या की आम्ही घरीच जेवतो, उगाच आमच्या मुलांमुळे कुणाला त्रास नको, त्या स्वरात. एकत्र जेवायला म्हणून इथे आलो आणि डबे घरी.

तर आता वस्तू.

सगळ्यात आधी आला बोर्ड. "कृपया शांतता राखा." १८० रुपये. पाचपैकी शून्य. मग घंटी, आवाज वाढला की वाजवायची, म्हणजे आवाज कमी करायला आणखी एक आवाज. पोरं ती वाजायची वाटच बघायची. मग व्हॉट्सॲपवर जुंपली, एका काकांनी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम काढले, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, आणि मोबाइलवर ॲप लावून दाखवलं की आपल्याकडे ८२. अहो ते बाहेरच्या हवेतल्या आवाजाचे आकडे आहेत, वरणभाताला कसे लागू होतील, दोन माणसं समोरासमोर नुसती साधी बोलली तरी ६० च्या आसपास जातं. पण ८२ हा आकडा मात्र सगळ्यांच्या डोक्यात बसला ते बरं झालं.

खुर्च्यांना फेल्टच्या गोल चकत्या, चिकटवायच्या. ऑनलाइन मिळतात, स्वस्त असतात. पहिले आठ दिवस काय शांत वाटलं! मग रोजचा ओला पोछा, फिनाइलचं पाणी, गोंद सुटला, चकत्या सरकून अर्ध्या बाहेर, त्याला केस आणि शितं चिकटलेली, किळस. या घेऊ नका. खिळ्याने ठोकायच्या फेल्टच्या मिळतात त्या लाकडी पायांना चांगल्या, पण आमच्या खुर्च्या लोखंडी नळीच्या. शेवटी काय चाललं सांगू? टेनिस बॉल. पोरं क्रिकेट खेळून खेळून मेलेले बॉल टाकून द्यायची, त्यांना कटरने फुली मारायची आणि खुर्चीच्या पायात घालायचे. एका खुर्चीला चार, म्हणजे ५० खुर्च्यांना २००, अर्धे आमच्या पोरांनी पुरवले आणि बाकीचे आजूबाजूच्या गावातल्या टीमांकडून गोळा केले. हॉल बालवाडीसारखा दिसतो हे कबूल, पण खुर्ची ओढल्याचा आवाज शून्य आणि वर्ष झालं, एक बॉल निघालेला नाही. पाचपैकी पाच. सहा असते तर सहा.

खरकट्याच्या टबात रबराची मॅट. याला पण पूर्ण मार्क. ताट टबात टाकल्यावर जो खणकन आवाज यायचा तो धप्प झाला. आणि तो टबच आम्ही हॉलमधून उचलून मागच्या पॅसेजमध्ये नेला, याला पैसे लागले नाहीत, फक्त दोन मीटिंगा लागल्या. ट्रॉलीची प्लास्टिकची चाकं काढून रबराची घातली, चांगलं आहे, जास्त काही लिहिण्यासारखं नाही. स्टीलची ताटं काढून मेलामाइनची आणायची एक सूचना होती, ती आम्ही हाणून पाडली. वरणभात स्टीलच्या ताटातच.

हे सगळं करून सुद्धा ८२ चे ७९ झाले, कारण मूळ कलकलाट बोलण्याचा होता आणि तो जात नव्हता. म्हणून मग मोठा खर्च, कॉन्ट्रॅक्टर नंबर एक.

हा मनुष्य आला, हॉल बघितला, म्हणाला मॅडम साऊंडप्रूफ करून देतो. इथेच मला कळायला हवं होतं. साऊंडप्रूफ म्हणजे इकडचा आवाज तिकडे जाऊ न देणं. आम्हाला आतला आवाज आतच जिरवायचा होता. ही दोन वेगळी कामं आहेत आणि जो दोन्हीला एकच शब्द वापरतो त्याला ॲडव्हान्स देऊ नका. आम्ही दिला. त्याने ते रंगीत फेल्टसारखे पॉलिस्टरचे पॅनेल आणले, ९ मिलिमीटर जाडीचे, षटकोनी, आणि भिंतीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे चिकटवले. १६० स्क्वेअर फूट, ५६ हजार रुपये. फोटोत एक नंबर. आवाजात? ॲप कधी ७८ दाखवायचं कधी ७९. कॅटलॉगमध्ये एनआरसी ०.७ छापलेला होता. एनआरसी म्हणजे आवाज किती शोषला जातो त्याचा आकडा, शून्य ते एक असा धरायचा, चार वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या आवाजांची सरासरी काढून. पण तो ०.७ मिळतो मागे हवेची पोकळी सोडून लावलं तर. भिंतीला घट्ट चिकटवलेल्या ९ मिलिमीटरला त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतो, आणि एवढ्या हॉलला १६० स्क्वेअर फूट म्हणजे कढईभर आमटीत चिमूटभर मीठ. विचारलं तर म्हणाला, मॅडम तुमच्याकडे लोकच मोठ्याने बोलतात. म्हणजे याचं पण तेच! पाचपैकी एक, तो पण रंगाला.

मध्ये कुणीतरी अंड्याच्या ट्रेसारखा काळा फोम आणायला निघालं होतं, स्टुडिओत असतो तसा, स्वस्त मिळतो म्हणून. नाही म्हणजे नाही. साधा पीयू फोम, म्हणजे गाद्यांत असतो तसला पॉलियुरेथेनचा, आग पकडतो आणि विषारी धूर करतो, ब्राझीलमध्ये २०१३ साली एका नाइटक्लबमध्ये छताच्या असल्याच फोमला आग लागून २४२ माणसं गेली. आणि आपल्याकडे शेजारी फोडण्या चालू असतात.

आता गोधड्यांचं. आमच्या समोरच्या घरात एक मुलगा आहे, ऑडिओचं काम करतो, तो म्हणाला काकू, पैसे घालायच्या आधी एकदा फुकटात बघू या, सगळ्यांनी घरातल्या गोधड्या, दुलया, जाजमं आणा. त्याने मला हार्वर्डची गोष्ट सांगितली. १८९५ साली तिथे फॉग म्युझियमचं लेक्चर हॉल नवंकोरं बांधलं आणि मास्तर काय बोलतात ते कुणाला कळेना, एक शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सॅबीन नावाच्या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात ते काम पडलं. याने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांच्या उशा रात्री रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, स्टॉपवॉचने मोजायचं आणि सकाळच्या आत उशा परत नेऊन ठेवायच्या. त्यातून त्याने सूत्र काढलं, हॉलचं घनफळ घनमीटरमध्ये, गुणिले ०.१६१, भागिले हॉलमध्ये आवाज शोषणारं जेवढं काही आहे ते. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, मला कागद द्या फक्त. आमचं घनफळ ४०८. वर आले ६६. खाली स्लॅब, काच, टाइल, टेबलखुर्च्या मिळून जेमतेम २२. म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये जवळजवळ तीन सेकंद! तीन सेकंदात माणूस दहा-बारा अक्षरं बोलतो, ती सगळी एकमेकांच्या अंगावर.

रविवारी सकाळी दोऱ्या बांधल्या, काचेपासून समोरच्या भिंतीपर्यंत, वाळत घातल्यासारख्या चाळीस गोधड्या. कुणाच्या आजीच्या नऊवारीची, कुणाची सोलापुरी चादर, एक तर लग्नातली जरीची दुलई निघाली. आधी एक फुगा फोडला होता, बर्थडेचे उरलेले होते, फट्ट, आणि मागे ते शेपूट लांबत लांबत गेलं, वरच्या मजल्यावरच्या आजी काय झालं म्हणून खाली आल्या. गोधड्या लावल्यावर दुसरा फोडला. फट. संपलं. सगळे एकदम गप्प, आणि त्या गप्प होण्यात पण फरक होता, कानात काहीतरी मोकळं झाल्यासारखं. मग त्याच गोधड्यांखाली पोहे खाल्ले. कुणी कुणाला गप्प बस म्हटलं नाही आणि नाना नेहमीसारखंच बोलत होते, फक्त ते त्यांच्याच टेबलावर. ह्यांनी खिशातून डबी काढली आणि मशीन कानात घातलं. मी काही बोलले नाही, पोहे वाढत राहिले.

त्याच संध्याकाळी मुलीला फोन केला, म्हटलं तिकडच्या जेवणघराचे फोटो परत पाठव. बघितलं तर सगळं छत वाळलेल्या शेवया दाबून बसवल्यासारखं. वुड वूल म्हणतात, लाकडाच्या लांब पातळ कात्रणी सिमेंटमध्ये कालवून केलेले बोर्ड. डेन्मार्कमध्ये शाळांपासून सगळीकडे हेच असतं म्हणे. आम्ही त्याच्या खाली बसून दोन तास जेवलो होतो.

कॉन्ट्रॅक्टर नंबर दोन. याने साऊंडप्रूफ शब्द काढला नाही, आधी पट्टा काढून मापं घेतली आणि विचारलं की पावसाळ्यात इथे भिंतींना ओल येते का. मुळशीत आणि हा प्रश्न! तिथेच मी मनात याला पास केलं. ऑफिसात असतात त्या पांढऱ्या मिनरल फायबरच्या चौकोनी टाइल्स त्यानेच नको म्हटल्या, ओलीने त्यांना पोट येतं, खाली फुगतात. वुड वूल २५ मिलिमीटरचा बोर्ड, त्याच्या वर ५० मिलिमीटर रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर, काळ्या कापडात गुंडाळून, जीआयच्या म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी चॅनेलवर, स्लॅबपासून थोडं खाली. किचनच्या बाजूचे सहा फूट मोकळे सोडले, तिथे फोडणीचा धूर येतो आणि तेलकट झालं तर हे धुता येत नाही. एकूण ७१० स्क्वेअर फूट, सगळं धरून २ लाख १४ हजार. घरटी सव्वाआठ हजाराच्या आसपास पडले, आणि हो, त्यावर पण दोन मीटिंगा झाल्याच.

काम कसं केलं? चांगलं, पण तक्रारी आहेत. दहा दिवस म्हणाला, लागले तेवीस. बोर्ड हॉलमध्येच कापले, सिमेंटची पांढरी धूळ लोणच्याच्या बरण्यांवर पण. पंख्यांचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, छत खाली आलं तर पंख्याची पाती त्याला घासायला लागली, मग लांब डाउन रॉड मागवले, त्यात चार दिवस आणि वरचे पैसे. रॉकवूलने त्याच्या कामावरच्या पोरांचे हात खाजत होते, त्यांना हातमोजे आम्हीच आणून दिले, हे कॉन्ट्रॅक्टरने बघायला पाहिजे होतं आणि याबद्दल मी त्याचा अर्धा मार्क कापते.

निकाल. फुगा फोडला तर एक सेकंदाच्या आत संपतो. जेवायच्या वेळी ॲप ७०-७१ दाखवतं. मोबाइलचं ॲप आहे, त्याच्या आकड्यावर कोर्टात जाऊ नका, पण आधी आणि नंतर तोच फोन तिथेच ठेवून मोजलंय. गंमत म्हणजे हिशोबाने एवढं कमी व्हायला नको होतं, तो मुलगा म्हणाला पाच-सहाने होईल, बाकीचं लोकांनी आपणहून आवाज खाली आणला म्हणून. लोम्बार्डचंच, उलटं. घंटी आता देवघरात आहे.

काय नाही झालं ते पण लिहिते. एक्झॉस्टचा घूं घूं तसाच आहे, असला जाडा आवाज या बोर्डांना फारसा दाद देत नाही, पंखाच बदलायला लागेल. काचेच्या बाजूची टेबलं अजून थोडी घुमतात, जाड पडदे लावा म्हणतात पण पडदा लावून डोंगर झाकायला कुणी तयार नाही, मी पण नाही. बोर्डाच्या शेवयांमध्ये जळमटं धरतात, झाडूने ओढलं की भुसा पडतो, व्हॅक्युमने ब्रश लावून हळू काढावी लागतात. वर पाली असाव्यात, आवाज येतो, आता बारीक आवाज येतात ना.

आणि हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, आता पलीकडच्या टेबलावरचं सगळं ऐकू येतं. पूर्वी गोंगाटात काही पण बोलून जायचं. परवा दोघीजणी माझ्या आमटीबद्दल बोलत होत्या, चिंच जास्त झालीय म्हणून, मी तीन टेबलं लांब. झाली होती जास्त.

छताला पाचपैकी साडेचार, दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला साडेतीन. नवीन बांधणार असाल तर स्लॅब टाकायच्या आधीच याचे पैसे एस्टिमेटमध्ये धरा, पंख्यांचे हूक त्या हिशोबाने सोडून ठेवा, आणि काही घ्यायच्या आधी गोधड्या लावून बघा.

घरी जाणारी ताटं बंद झाली. ह्यांचं मशीन आता जेवताना कानातच असतं, त्यामुळे काल मला म्हणाले, अगं किती जोरात पापड मोडतेस.